भोपाळच्या साहेबांनी एकदाच विचारलं

आमच्या घरात पहिल्यांदा विचारल्यावर कुणी ‘हो’ म्हटलेलं मला आठवत नाही. चहा घेणार का, तर नको. पंखा लावू का, तर कशाला उगीच. पाहुणे भर उन्हात टांग्यातून उतरायचे, घसा कोरडा पडलेला असायचा, आणि पाणी पुढे केलं की म्हणायचे, राहू द्या हो, आत्ताच तर घेऊन निघालो. मग आम्ही पुन्हा म्हणायचं, ते पुन्हा नको म्हणायचे, आणि तिसऱ्या वेळी तांब्या रिकामा व्हायचा. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वेगळं आहे असं मला कित्येक वर्षं वाटलंच नाही. नको म्हणजे नको असं समजणारी माणसं जगात आहेत, आणि जग बहुतेक त्यांचंच आहे, हे मला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला कळलं.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजात राहायचो. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात अण्णा, त्यांची धाकटी विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. संस्थान होतं तेव्हा कोठीवरच्या पंगतींची व्यवस्था अण्णांकडे असायची. कोणाचं पान कुठे मांडायचं, कोणाशेजारी कोणाला बसवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कोणाला किती आग्रह करायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. ते म्हणायचे, पहिला नकार रीतीचा, दुसरा संकोचाचा, आणि खरा नकार असलाच तर तिसरा. शब्दांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. ते हात बघायचे. पानावर आडवा आलेला हात बोटं जुळवून असला की पुढे जायचं, बोटं फाकलेली असली की वाढायचं. मोठमोठे सरदार ‘नको नको’ म्हणत बोटं फाकवून बसायचे, हे सांगताना अण्णा इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

संस्थान विलीन झालं आणि त्या पंगती उठल्या त्या उठल्याच. अण्णांना नव्या सरकारात एका दप्तरात जागा मिळाली. तिथे आलेल्या कागदांवर नंबर घालायचे आणि ते पुढच्या टेबलावर सरकवायचे, एवढंच काम. कागदाला आग्रह करता येत नाही, म्हणून ते घरी आले की ती सगळी विद्या आम्हा दोघींवर चालवायचे. साधी आमटी-पोळी असली तरी माझ्या पाटाभोवती रांगोळीची रेघ असायची. स्वतः वाकून वाढायचे. “कुमुदबाई, अर्धी पोळी. माझ्यासाठी.” मी नको म्हणायची, ते पुन्हा म्हणायचे, आत्या ओट्याजवळून ओरडायची, “दादा, ती पोरगी फुटून जाईल!” आणि अर्धी पोळी माझ्या ताटात पडायची. आता मी ग्वाल्हेरातच, थाटीपुरात एकटी राहते. स्वयंपाकाला येणारी बाई फुलका हातात धरून विचारते, “और लोगी, दीदी?” आणि मी तोंड उघडायच्या आत फुलका डब्यात ठेवून निघून जाते. तिला आणखी चार घरी जायचं असतं, तिचा काय दोष.

संस्थानानंतर मध्यभारत झाला, आणि त्याची सवय होते न होते तोच तोही मोडला. नवा मोठा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली. हे वाक्य आज एका दमात लिहून होतं, पण आमच्या गल्लीत ते घडायला फार वेळ लागला. एकेका घराचा नंबर यायचा. आधी दारात ट्रंका दिसायच्या, मग पलंग सुतळीने बांधलेले, मग टांगा, आणि मग कुलूप. बदलीचे हुकूम निघाले की मराठी घरं आधी हलायची, कारण दप्तरांतून आमचीच माणसं जास्त. हळदीकुंकवाला एकेकाळी आमच्या माजघरात बसायला जागा नसायची. त्या वर्षी आत्याने वाटली डाळ केली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्हीच खात होतो. माझी मैत्रीण मालती शेजारच्याच घरात राहायची. तिच्या भावाची बदली झाली आणि तीही गेली. आमच्या दोन गच्च्यांमधल्या भिंतीवरून आम्ही तिळाची गजक आणि गोष्टी एकमेकींना द्यायचो. ती गेल्यावर मी संध्याकाळी गच्चीवर जायची, गिरणीचा भोंगा व्हायचा, किल्ल्यावरचं ऊन उतरायचं, आणि पलीकडच्या गच्चीवर नुसती वाळत घालायची तार दिसायची. मी फार एकटी पडले होते. कॉलेजात आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि घरी आल्यावर बोलायला आत्या, जिचा राज्यशास्त्राशी संबंध फक्त कोण कुठे बदलून गेलं एवढाच.

अशा दिवसांत प्रोफेसर माथुरांनी तो वर्ग सुरू केला. माथुर आम्हाला राज्यकारभार शिकवायचे; बुटके, करड्या शेरवानीतले, बोलताना खडू खिशात टाकून विसरणारे. त्यांचं म्हणणं असं की नवं राज्य उभं राहतंय, त्याची धोरणं ठरतायत, आणि ज्या समाजांची संख्या थोडी आहे त्यांची पोरं मागच्या बाकावर बसून राहिली तर पुढे जन्मभर तक्रारी करत फिरतील. म्हणून त्यांनी एम.ए.च्या वर्गांतून अशी मुलं वेचली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा रशीद, मुरार भागातला जोसेफ, सिंधमधून आलेला हासानंद, आणखी दोघंतिघं, आणि मराठी म्हणून मी. शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या खोलीत आम्ही बसायचो. उद्या सरकारात बसायचं, सभा चालवायची, लोकांच्या वतीने बोलायचं, ते कसं, हे तिथे शिकायचं होतं.

मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा पान लावत होते. त्यांचा हात थांबला.

“आपण अल्पसंख्य?” ते म्हणाले. “कधीपासून?”

“मोजलं तर तसंच निघतं, अण्णा.”

“हं. दरबारात होतो तेव्हा कुणी मोजायला आलं नव्हतं.” मग त्यांनी चुना लावला, पान दुमडलं, आणि म्हणाले, “जा तू. बसून बघ.”

आत्याने फक्त एवढंच बजावलं, “अंधार पडायच्या आधी घरी येऊन जा हं. आणि त्या प्रोफेसरला बोल की मुलीच्या जातीला खुर्ची दरवाज्याजवळ पाहिजे.”

पण माझी खुर्ची दरवाज्याजवळ नव्हती, मधोमध होती. माथुरांचा नियम असा की दर शनिवारी एकाने अध्यक्ष व्हायचं, पाळीपाळीने, आणि पाळी आली की सुटका नाही. एखादा खराखुरा प्रश्न घ्यायचा: थाटीपुरातल्या नव्या सरकारी घरांना पाणी कधी, किंवा आमच्या गल्लीतली मराठी प्राथमिक शाळा पोरं उरली नाहीत म्हणून हिंदी शाळेत मिळवावी का. बोलण्याचा दुसरा नियम मला अजून आवडतो. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्याच मनासारखं मांडून दाखवायचं, आणि तो “हाँ, यही कहा था” म्हणाला तरच पुढे बोलायचं. शाळेच्या प्रश्नावर रशीद माझ्या विरुद्ध होता. मी त्याची बाजू इतकी चांगली मांडली की तो म्हणाला, “अब मेरे कहने को कुछ बचा ही नहीं,” आणि सगळे हसले, मीही हसले. त्या खोलीत मी हसायची. अध्यक्षाच्या खुर्चीत बसले की मला वाटायचं, हे तर अण्णांचंच काम आहे. कोण गप्प बसलाय, कोणाला बोलायचंय पण धीर होत नाही, ते मला लांबून कळायचं. माथुर एकदा म्हणाले, “कुमुदजी, आप सभा को पढ़ लेती हैं।” ते शब्द मी घरी नेले आणि कित्येक दिवस कुणाला न सांगता जपून ठेवले. वर्ग सुटला की मुलं कोपऱ्यावर चहाला जायची आणि मी सायकल घेऊन घरी. चहाला मुलींनी जायचं नसतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. तरी दर शनिवारी वळणावर मी एकदा मागे बघायचीच.

माथुरांनी आम्हाला एक काम दिलं होतं: आपली नाही अशी वस्ती गाठायची, आणि तिथल्या लोकांना सरकारकडून काय हवंय ते विचारून यायचं. मी हासानंदच्या वस्तीत गेले. त्याचे वडील नई सडकेवर पेटीवर कापडाचे तुकडे मांडून बसायचे, आणि घर म्हणजे पत्र्याची एक खोली होती. त्याच्या आईने मला बाजेवर बसवलं, तव्यावरून कांदा-मिरची घातलेली जाड, खमंग कोकी उतरवली आणि विचारलं, “खाओगी, बेटी?” मला सडकून भूक लागली होती. मी म्हटलं, “नहीं नहीं, माँजी, रहने दीजिए।” बाईंनी मान हलवली आणि ती कोकी शेजारच्या म्हातारीला दिली. मी वाट बघत राहिले. कसलंही मनात न आणता त्या माझ्याशी दोन तास बोलल्या, नळाबद्दल, शाळेबद्दल, छावणीतल्या दिवसांबद्दल, आणि मी कोकीचा वास घेत सगळं उतरवून घेतलं. घरी येऊन हे सांगितलं तर अण्णा खदखदून हसले. “रीत नाही गं त्यांना. बिचारे उखडून आलेले लोक.” मीही हसले. त्या बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग बातमी आली. भोपाळच्या नव्या सचिवालयात धोरणं आखणाऱ्या विभागात आमच्या वर्गातल्या एकाला वर्षभर काम शिकायला घेणार होते. राहायची सोय, थोडं विद्यावेतन, आणि पुढे तिथेच जागा मिळायची आशा. माथुरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या मनात माझं नाव आहे, घरी विचारून ठेवा. भोपाळ! तिथे मालती होती. तिथे आमची गल्लीच्या गल्ली होती. मला त्या खोलीतली मधली खुर्ची पुन्हा मिळाली असती, आणि या वेळी सभा खोटी नसती. मला जायचंच होतं. आयुष्यात इतकं काही मला त्याआधी हवं वाटलं नव्हतं.

घरी विचारलं तेव्हा आत्याने सरळ कपाळाला हात लावला. “लग्नाची पोर परगावी ठेवाल, दादा? लोक काय बोलतील?”

“लोक भोपाळलाच गेलेत,” अण्णा म्हणाले. मग बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. मी गेले की घरात दोन पानं, हा हिशेब त्यांनी केलाच असणार. शेवटी म्हणाले, “मालतीच्या आईकडे रविवारी जेवायला जात जा. जा, बाई.” त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं, आणि दिसूनही मी आनंदाने गच्चीवर पळाले.

ज्या दिवशी भोपाळचे साहेब आले त्या दिवशी आत्याने सकाळीच दूध आटवायला ठेवलं होतं. मी निघताना तिने माझ्या हातावर दही घातलं आणि तोंड फिरवलं. साहेब उंच, थकलेले, गाडीची वेळ गाठायची घाई असलेले. त्यांनी आमची एक सभा ऐकली. अध्यक्ष मी होते. सभा उत्तम झाली, हे मी आज इतक्या वर्षांनी निर्लज्जपणे लिहिते. मग साहेबांनी चष्मा काढला, माथुरांशी दोन शब्द बोलले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “कुमुदजी, आप भोपाल आएँगी? हमारे साथ काम करेंगी?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून, अगदी अण्णांच्या सुरात, आलं, “जी, मैं कहाँ... मुझसे क़ाबिल लोग हैं यहाँ।”

मी टेबलावर हात ठेवला होता. त्याची बोटं फाकलेली होती. पण भोपाळच्या साहेबांना बोटं वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

“अच्छा,” ते म्हणाले, आणि पुढे वळले. “हासानंदजी, आप?”

“जी हाँ, साहब,” हासानंद उभा राहून म्हणाला. “मैं आऊँगा।”

साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि घड्याळ बघितलं. मी अजून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात माथुर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मैं समझ गया। घर से इजाज़त नहीं मिली होगी। मैंने इसीलिए ज़ोर नहीं दिया।” भल्या माणसाने माझी लाज राखली होती. त्यांना काय सांगणार? की इजाजत मिळाली होती, माझ्या बापाने ती काळीज कापून दिली होती? ते गेल्यावर हासानंद आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो लपवायची धडपडही होती.

“आप सचमुच नहीं जाना चाहती थीं?” त्याने विचारलं. “सच बताइए। साहब अभी गाड़ी में बैठे नहीं हैं। मैं कह दूँगा।”

आणि मी म्हटलं, “नहीं नहीं, आप ही जाइए।”

त्याने माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. मग त्याच्या आईने हलवली होती तशीच मान हलवली. “हमारे कैंप में तो एक ही बार पूछते थे, बहनजी,” तो म्हणाला, जणू माफी मागत असल्यासारखा. पुढे तो चांगला अधिकारी झाला, लोकांच्या उपयोगी पडला. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, वाटलं. अजूनही भोपाळच्या गाडीची घोषणा ऐकली की वाटतं. मी पुढे जन्मभर इथेच शिकवलं, आणि वर्गात एखादी मुलगी ‘नहीं, मैडम’ म्हणाली की पुढच्याला विचारायच्या आधी तिच्या हाताकडे बघत राहिले.

त्या दिवशी मी सायकल हातात धरून चालत घरी आले. सराफ्यात दिवे लागत होते, बाड्याच्या चौकात लोक फिरायला निघाले होते, चाटवाल्याभोवती बायकापोरं उभी होती, आणि त्या सगळ्यांत मला थांबवून काय झालं म्हणून विचारणारं एकही माणूस नव्हतं. आमच्या दारातच वेलची-जायफळाचा वास आला. बासुंदी झाली होती. अण्णांनी माझ्या पाटाभोवती वेलबुट्टीची रांगोळी घातली होती, आणि ताटात चांदीची वाटी होती, जी सणालाच निघायची.

“ठरलं?” अण्णांनी विचारलं.

मी पाटावर बसले. “नाही.”

“काय बोलले साहेब?”

“विचारलं, येणार का.”

“मग तू?”

“मी म्हटलं, मी कुठली, माझ्यापेक्षा लायक लोक आहेत.”

“बरोबर,” अण्णा म्हणाले. “मग?”

“मग त्यांनी हासानंदला विचारलं.”

अण्णांच्या हातात बासुंदीचं पातेलं होतं. “आणि तुला? पुन्हा?”

“नाही विचारलं.”

आत्या पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली. अण्णा पातेलं धरून तसेच वाकलेले राहिले. ते ‘बरोबर’ त्यांच्या तोंडून कसं निसटलं होतं ते त्यांनाही ऐकू आलं असावं. मग त्यांनी डाव बुडवला आणि विचारलं, “वाढू?”

“नको,” मी म्हटलं. माझा हात वाटीवर आडवा गेला.

अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं, माझ्या फाकलेल्या बोटांकडे बघितलं, आणि डाव परत पातेल्यात सोडला. पातेलं जमिनीवर ठेवून ते खाली बसले.

“असं काय करून राहिले, दादा?” आत्या रडतरडत म्हणाली. “पुन्हा विचारा ना पोरीला!”

“ती नको म्हणाली ना,” अण्णा म्हणाले. “नको म्हणाली, मग नको.”

सगळ्या आयुष्यात या माणसाने कुणालाही एकदाच विचारून सोडलं नव्हतं. वाटी रिकामी होती, पातेलं समोर होतं, आणि अण्णा खाली मान घालून बसले होते, कुणी न उठवता पंगतीतून उठलेल्या माणसासारखे. मला समजलं की ते थांबलेत. ते मला दुसऱ्यांदा विचारणार नाहीत, आज नाही आणि यापुढेही नाही, कितीही जड गेलं तरी.

मी वाटीवरचा हात काढून घेतला. “अण्णा,” मी म्हटलं, “मला हवीये. वाढा.”

आमच्या घरात ते शब्द याआधी कुणी उच्चारले नव्हते. आत्याचं रडणं थांबलं. अण्णा उठले, पातेलं उचललं, आणि डाव वाटीत रिकामा करताना थोडी बासुंदी रांगोळीवर सांडली.

“बास म्हण,” ते म्हणाले. “तू म्हणशील तेव्हा थांबेन.”

वाटी भरली. ती ताटात उतू गेली, भातापर्यंत पोचली, वरणात मिसळली, आणि अण्णा माझ्या तोंडाकडे बघत वाढत राहिले. मी बास म्हटलं नाही. आत्याला त्या दिवशी बासुंदी मिळाली नाही.